पोराचं मलम जातं कुठं

"मलम जेवणाआधी लावायचं का जेवणानंतर?" हा प्रश्न मला नोकरीत इतक्या जणांनी विचारला, की पुढं पुढं मी "कधीही लावा, फक्त भाकरी थापायच्या आधी हात धुवा" असं सांगून मोकळी व्हायचे.

मी कराडच्या एका दवाखान्यात त्वचारोग विभागात सिस्टर होते. ड्रेसिंग, इंजेक्शनं ही कामं होतीच, पण माझं खरं काम वेगळं. डॉक्टर मॅडम लहान पोराला तपासायच्या, "इसब आहे" म्हणायच्या, औषधं लिहून द्यायच्या आणि आई, आजी, बाप, आत्या अशी आलेली सगळी वरात माझ्या खोलीत पाठवायच्या. पोराला अंघोळ कशी घालायची, मलम कुठं, किती, कसं लावायचं, हे त्यांना मी शिकवायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात शिकवायचं काय? मलमच तर लावायचं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

मग एका बापाला मी सांगितलं, "नखं बारीक कापा, म्हणजे खाजवलं तरी जखम होणार नाही." पुढच्या खेपेला पोराच्या अंगावर तसेच ओरखडे. विचारलं तर त्यानं मोठ्या विश्वासानं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली होती, स्वतःची. एका आजीला सांगितलं, अंग ओलसर आहे तोवरच मलम लावा. तिनं नातवाला पाण्यानं भरलेल्या टबात बसवूनच लावलं आणि मलम पाण्यावर तरंगतंय अशी तक्रार घेऊन आली. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. मी जेवढं बोलले तेवढंच त्यांनी केलं होतं. तेव्हापासून मी तोंडानं कमी आणि हातानं जास्त शिकवायला लागले. समोर एक रबराची बाहुली ठेवायची आणि म्हणायचं, "दाखवा बरं, घरी कसं करता ते."

इसब म्हणजे काय, तेही सांगून टाकते. काही पोरांची कातडी जन्मापासूनच जरा कमकुवत असते. अंगातली ओल तिच्यात टिकत नाही, आणि धूळ, घाम, साबण यांचा तिला पटकन त्रास होतो. मग खाज. खाजवलं की सोलवटतं, सोलवटलं की आणखी खाज. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आईनं पोटुशी असताना वांगं खाल्लं का अंडं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि एका फटक्यात कायमचं जाईल असं औषधही नाही. नीट सांभाळलं तर ताब्यात राहतं, बऱ्याच पोरांचं वाढत्या वयात कमी होतं. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माणसं माझ्याकडं असं बघायची, जणू मीच ते अडवून धरलंय.

या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त चकवलं ते पलूसकडच्या एका घरानं.

अश्विनी नावाची मुलगी. तिचा रणवीर वर्षाचा झालेला, रांगत होता. गाल लालभडक, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत कातडी फुटलेली, आणि दोन्ही हात सारखे खाजवण्यात गुंतलेले. ते पोर दूध पितानासुद्धा एका हातानं मान खाजवायचं. अश्विनीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि पोरगं हललं की दचकून उघडायचा. नवरा शिरवळच्या कारखान्यात, सुट्टीला घरी यायचा. त्यामुळं दवाखान्यात तिच्याबरोबर सासरे यायचे. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ताठ कणा, पीळदार मिशा, पायांत चकाकणारे काळे बूट.

इसबाला आम्ही दोन औषधं द्यायचो. एक मोठा डबा. त्यात कसलाही वास नसलेलं साधं पांढरं मलम, कातडीतली ओल धरून ठेवणारं. ते अंगभर, सढळ हातानं, रोज. आणि एक छोटी ट्यूब. तिच्यातलं औषध जोरकस, ते फक्त लाल झालेल्या जागेवर, पातळ, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. लोक नेमकं उलटं करायचे. ट्यूब भसाभसा संपवायचे आणि डबा केशराच्या डबीसारखा जपायचे. डबा वर्षभर पुरला म्हणून कौतुकानं सांगणाऱ्या आया मी पाहिल्यात.

त्यामुळं अश्विनी डबा संपला म्हणून लवकर आली, तेव्हा मला केवढा आनंद झाला. मी बाकीच्या आयांना हाक मारून सांगितलं, "बघा, याला म्हणतात मलम लावणं." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. पुढचा डबा त्याहून लवकर संपला. त्याच्या पुढचा त्याहून लवकर. एवढ्या मलमात रणवीर बुडायला हवा होता. पण पोराचे गाल तसेच, उलट कोपरांच्या घडीत आता पाणी सुटून पिवळी खपली धरली होती.

मॅडमनी बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "सिस्टर, याच्यात जंतू शिरलेत. पोटातून औषध देते. पण इतकं सगळं करूनही कमी येत नसेल, तर पुढच्या वेळी ॲडमिटच करून घेऊ."

अश्विनीनं ते ऐकलं. ती पदराचं टोक चावत उभी राहिली. मी तिला बाहुली दिली. "लावून दाखव."

तिनं डब्याच्या कडेला करंगळी टेकवली आणि बाहुलीच्या गालाला टिकलीएवढं मलम लावलं. दुसऱ्या गालाला दुसरी, कोपराच्या घडीत तिसरी टिकली. झालं.

"एवढंच लावतेस?"

"व्हय."

"मग डबा कसा संपतो?"

अश्विनीनं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडं पाहिलं. "हवेनं उडून जात आसंल," ते म्हणाले. "उन्हाळा हाय."

माझी धाकटी बहीण पलूसला दिलेली. त्याच आठवड्यात मी तिच्याकडं गेले होते, तिथून सुभेदारांचं गाव जवळच. तिच्या स्कूटीवर मागं बसून मी न सांगता त्यांच्या दारात जाऊन उतरले.

अंगणात सुभेदार खुर्चीवर बसले होते. एक पाय पुढच्या स्टुलावर, आणि शेजारी आमचा डबा. ते टाचेच्या भेगांत मलम भरत होते, अगदी मन लावून, गवंडी भिंतीच्या फटी बुजवतो तसं. मला बघून त्यांनी पाय खाली घेतला, पण हातावरचं मलम कुठं लपवावं ते सुचेना. त्यांनी ते मिशीला पुसलं. त्या मिशीची चमक मला दवाखान्यात इतके दिवस दिसत होती. ती कशाची, ते आज कळलं.

"या, सिस्टर," ते म्हणाले. "भेगा लय झाल्या व्हत्या. म्हटलं, पोराच्या आधी आपल्यावर तपासून बघावं."

"आणि बूट?"

त्यांनी दाराजवळच्या बुटांकडं पाहिलं. बूट आरशासारखे चकाकत होते. "पालिशपेक्षा झ्याक येतं," त्यांनी खालच्या आवाजात कबूल केलं.

एवढ्यात गोठ्यातून आक्का आल्या, रणवीरची आजी. पदर खोचलेला, हात तेलकट. त्या सरळ डब्यापाशी आल्या, चार बोटांनी भलामोठा गोळा उचलला आणि परत गोठ्याकडं निघाल्या. मला पाहून थांबल्या, पण लाजल्या अजिबात नाहीत. "म्हशीच्या सडाला भेगा पडल्या व्हत्या. धार काढताना लाथ मारायची. हे लावाया लागलो, आन् बघा, आता गरीब गाय झालीय."

मी कपाळाला हात लावला. "आक्का, म्हणजे मलम चांगलं आहे हे तुम्हाला पटलंय."

"पटलंय की. आवं, लय गुणाचं हाय."

"मग पोराला का नाही लावत?"

आक्कांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या शिक्षणाचीच त्यांना शंका आली असावी. "म्हशीचं औषध पोराला कसं लावायचं, बाई?"

माझ्या सगळ्या नोकरीत इतकी पक्की अडचण कुणी घातली नव्हती.

आतून अश्विनी रणवीरला घेऊन आली होती. ती दारातच उभी होती. आता मला सगळं कळलं. डबा ओसरीवर असायचा, ज्याला लागेल तो बोटं घालायचा. म्हशीच्या सडाची बोटं, टाचेची बोटं, सगळी त्याच डब्यात. आणि मोठी माणसं वापरतात म्हणून ही सून कडेचं टिकलीएवढं पुसून घ्यायची. पोराच्या कोपरात ते पाणी का सुटलं, तेही कळलं. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. मी डबा उचलला, सगळ्यांना समोर बसवलं आणि बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. सुभेदार सावधान स्थितीत बसून होते आणि आक्का पदर सारखा करत होत्या, एवढं सांगितलं तरी पुरे.

"आणि छोटी ट्यूब?" मी शेवटी विचारलं. "ती पण म्हशीला?"

मग अश्विनी पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. "ती आप्पांनी ट्रंकेत ठिवलीय. कुलपात."

"कुलपात का?"

सुभेदारांनी घसा साफ केला. "त्यात स्टिरॉइड हाय. माझ्या पोरानं शिरवळवरनं मोबाईलवर पाठवलंय. मी बी फौजेत ऐकलंय. सिस्टर, आमच्या घराण्यात कुस्ती हाय. उद्या ह्यो मोठा झाला, मोठ्या मैदानात उतरला, आन् तपासणीत सापडला म्हंजे? समद्या जिल्ह्यात नाव जायचं."

त्यांचा नातू त्या वेळी अश्विनीच्या कडेवर बसून तिच्या बांगड्या चावत होता. खाली तेवढी लंगोटी होती, ही त्याची आत्तापर्यंतची कुस्तीतली एकमेव कमाई.

मी हसले नाही. हसले असते तर ती ट्रंक कधीच उघडली नसती. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, कातडी म्हणजे तुमच्या चौकीची भिंत समजा. या पोराच्या भिंतीला फटी आहेत. डब्यातलं मलम रोज त्या फटी बुजवतं. ते चुकवायचं नाही. पण काही ठिकाणी शत्रू आत शिरलाय. लाल दिसतंय ना, तिथं. तिथं नुसत्या भिंतीनं भागत नाही."

ते पुढं सरकले. "म्हंजे टूब म्हंजे हल्ला."

"हो."

"आन् डबा म्हंजे पहारा."

"अगदी बरोबर. हल्ला किती दिवस करायचा ते डॉक्टर ठरवणार. तो थोड्या जागेवर आणि थोडे दिवस. पातळ लावलेलं औषध अंगात भिनून पोरगं पैलवान होत नाही. तेवढं सोपं असतं तर सांगलीतल्या तालमी बंद पडल्या असत्या. आपल्या मनानं महिनोन् महिने लावलं, तर मात्र कातडी पातळ होते. म्हणून विचारूनच लावायचं आणि विचारूनच थांबवायचं."

सुभेदार उठले, आत गेले, कुलूप उघडल्याचा आवाज आला. ट्यूब एका हिरव्या लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवली होती. ती त्यांनी मला नाही, अश्विनीच्या हातात दिली. मग मी सगळ्यांसमोर रणवीरची अंघोळ करवून घेतली. कोमट पाणी, थोडाच वेळ. डाळीचं पीठ नाही, घासणं नाही. सुती पंचानं टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. आधी लाल जागेवर ट्यूब, मग जरा थांबून उरलेल्या अंगाला मलम, तेही घरात असलेला नवा डबा फोडून. डब्यात बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्यानं काढायचं. आक्कांची शंका मिटवायला मी एक तोड काढली. म्हशीसाठी जनावरांच्या डॉक्टरांकडून वेगळं मलम आणायचं, आणि रणवीरचा नवा डबा गोठ्याचं तोंडही बघणार नाही. "मग चालंल," आक्का म्हणाल्या. "त्यो डबा शुद्ध ऱ्हाईल."

मला वाटलं, काम झालं. पण मी सुभेदारांना कमी लेखलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात अश्विनीचा फोन. "सिस्टर, गाल लय निवळलेत. पण आप्पांचं काय करू?"

सुभेदारांनी पहाऱ्याची जबाबदारी स्वतःकडं घेतली होती. सकाळी अंघोळीच्या आधी ते अंगणात उभे राहून "मलम पार्टी, तयार" असं ओरडायचे. अश्विनीनं पंचा, आक्कांनी चमचा घेऊन यायचं. पोराला दुपारी झोपेतून उठवूनसुद्धा लावायचे, कारण पहारेकऱ्याला झोप नसते. आणि लावायचे इतकं, की रणवीर हातात ठरत नव्हता, मासोळीसारखा सुळकन निसटायचा. तो रांगत गेला की फरशीवर चकचकीत पट्टा उमटायचा, त्यावरून पोरगं कुठं गेलंय ते कळायचं.

"त्यांना म्हणावं, कातडी चमकली की बास. थापायचं नाही," मी सांगितलं.

"मी कसं म्हणू?" अश्विनी म्हणाली.

तिला म्हणावं लागलंच नाही. नातवाला पकडायला गेलेले सुभेदार त्याच पट्ट्यावरून घसरले आणि सपकन खाली बसले. माकडहाडाला मुका मार. त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून पडलात?" सुभेदार पालथे झोपून म्हणाले, "नातवावरनं."

त्यांना सक्तीची विश्रांती मिळाली, आणि त्या घराचा कारभार बदलला. आता पोराचं सगळं अश्विनी बघायला लागली. गल्लीतल्या एक बाई झाडपाल्याचा हिरवा लेप घेऊन आल्या, आक्कांनी तो वाटीत काढूनही घेतला. अश्विनी सासूला म्हणाली, "आत्या, आधी आपल्या हाताला लावून बघा." आक्कांनी मनगटाला लावला. थोड्या वेळानं त्या रांजणात हात बुडवून बसल्या होत्या. त्यानंतर गल्लीतून येणाऱ्या प्रत्येक औषध आक्का स्वतःच दारातून परत पाठवू लागल्या. आणि कॉटवर पालथे पडलेले सुभेदार आतून विचारायचे, "अश्विनी, पहारा?" ती म्हणायची, "झाला, आप्पा." एवढंच.

पोराला जपलं तरी मध्येच पुन्हा लाल व्हायचं. एकदा तिनं घाबरून फोन केला, बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं, एका लग्नात कुणीतरी त्याला लोकरीच्या शालीत गुंडाळून घेतलं होतं. "शाल टोचली आसंल," ती म्हणाली. काय करायचं तेही तिनंच सांगितलं. मी नुसती "हं" म्हणत होते. त्या फोनवर मला जेवढं समाधान झालं तेवढं निवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या नारळ-शालीनंही झालं नाही. आता माझ्या खोलीत टीव्ही लावलाय, त्यावर मलम कसं लावायचं त्याचा व्हिडिओ फिरत असतो. व्हिडिओ चांगला आहे, माझ्यापेक्षा गोरा आहे आणि चिडत नाही. पण तो कुणाच्या अंगणात जाऊन उभा राहत नाही. मीही जास्त घरांत जाऊ शकले नाही, याची मात्र हळहळ वाटते. इतर किती घरांत डबा कुठं जात होता, देव जाणे.

रणवीरचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा मला बोलावणं आलं. अश्विनीनं आधीच विचारून घेतलं होतं, डोक्यावर वस्तरा चालेल का. मी म्हटलं, वस्तरा नको, मशीन फिरवा. जावळाच्या दिवशी मंडप घातलेला, अंगणभर पाहुणे. पोर मामाच्या मांडीवर बसलं. नाभिकानं सवयीनं वस्तरा उघडला, तशी अश्विनी सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, वस्तरा न्हाई. मशीन."

एक म्हातारे चुलत सासरे म्हणाले, "मशीननं जावळ व्हतं व्हय गं? रीत हाय."

अश्विनी गडबडली नाही. "रीत जावळाची हाय, अण्णा. कातडं काढायची न्हाई."

सगळ्यांनी सुभेदारांकडं पाहिलं. ते कमरेला पट्टा बांधून, एका फुगवलेल्या रिंगेवर बसले होते. ते म्हणाले, "इथली कमांडर ती हाय. मशीन आण."

जावळ निघालं. अश्विनीनं पोराला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, टिपून घेतलं, मलम लावलं आणि आतल्या खोलीत निजवायला नेलं. बाहेर पंगत बसली. वाढपी बादल्या घेऊन फिरू लागले, बायका एकमेकींना हाका मारू लागल्या. मला निघायचं होतं म्हणून मी अश्विनीला शोधत आतल्या खोलीपाशी गेले.

दारात सुभेदार आपली रिंग मांडून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत बघायची खूण केली. रणवीर उताणा झोपला होता, भादरलेल्या डोक्याचा, दोन्ही हात डोक्याच्या वर टाकून. हात कुठंही काही शोधत नव्हते. त्याच्या शेजारी अश्विनी, अंगावर नवी कोरी साडी, केसांत गजरा, एक पाय अजून चपलेत. तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. हलकंसं घोरतही होती.

"उठवू का?" मी खुणेनं विचारलं.

सुभेदारांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी एक पाऊल मागं सरले. मग ते खांबाला धरून कसेबसे उभे राहिले, अंगणाकडं वळले आणि हात वर केला. ओरडले नाहीत. पण पंगतीत बसलेल्या निम्म्या पुरुषांनी कधीतरी फौज पाहिली होती. हळूहळू सगळं अंगण चिडीचूप झालं. आहेर घेऊन आलेल्या बायकांना त्यांनी दारातूनच वळवलं. आक्का गोठ्याकडं गेल्या, म्हैस हंबरू नये म्हणून तिच्यापाशी वैरण घेऊन उभ्या राहिल्या.

मला कुणीतरी पंगतीत बसवलं. एवढी माणसं मटण जेवत होती, पण हाडाचासुद्धा आवाज येत नव्हता. वाढपी प्रत्येकाच्या कानाशी वाकून विचारत होता. माझ्याही कानाशी आला.

"सिस्टर, रस्सा तिखट का आळणी?"

"आळणी," मी त्याच्या कानात सांगितलं.